दाराची कडी

बाबांनी माझ्या भावाच्या खोलीची कडी काढली तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. स्क्रू ड्रायव्हर सापडत नव्हता, म्हणून ते रुपयाच्या नाण्याने स्क्रू फिरवत होते. भाऊ पलंगावर मांडी घालून बसला होता आणि बघत होता. आई दारात उभी. मी मोबाईलची टॉर्च धरली होती, कारण ट्यूबलाइट लावायचं कोणालाच सुचलं नव्हतं. कडी निघाली. दारावर चार भोकं उरली. बाबांनी कडी आणि स्क्रू एका पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली आणि म्हणाले, “झोप आता.” जणू पंखा दुरुस्त केला होता.

तासाभरापूर्वी मला भावाच्या मित्राचा फोन आला होता.

भाऊ तेव्हा सतरा वर्षांचा होता. बारावीनंतर एक वर्ष गॅप घेऊन, नीट परीक्षेसाठी दुसऱ्या शहरातल्या क्लासला गेला होता. दिवाळीला घरी आला आणि परत गेलाच नाही. आधी पोट दुखतं म्हणाला, मग झोप येत नाही म्हणाला, मग काहीच म्हणेनासा झाला. डिसेंबरातल्या त्या रात्री त्याने मित्राला काय लिहिलं, ते मी इथे सांगणार नाही. ते त्याचं आहे. वाचून मित्र घाबरला, एवढं पुरे. पण मित्राने त्यानंतर जे केलं, त्याचा मी अजून विचार करते. त्याने आधी माझ्या भावाला मेसेज केला : ‘मी ताईला फोन करतोय. नंतर मला हव्या तेवढ्या शिव्या दे.’ आणि मग मला फोन लावला.

मला त्या क्रमाचं महत्त्व तेव्हा कळलं नाही. कळायला तीन महिने लागले.

आपलं माणूस स्वतःच्या जिवाचं काही करून घेईल अशी भीती असेल, तर त्याच्यावर आपला किती हक्क असतो? त्याच्या दाराची कडी काढायचा? त्याचा फोन बघायचा? त्याची डायरी वाचायचा? त्या रात्री मला विचारलं असतं तर मी म्हणाले असते, हा काय प्रश्न झाला? जीव आधी, बाकी सगळं नंतर. आज हे उत्तर मला चुकीचं वाटत नाही, अपुरं वाटतं.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी भावाशी एकट्याशी पाऊण तास बोलून मग आम्हाला आत बोलावलं. नैराश्य आहे, औषध सुरू करू या, म्हणाल्या. आईने विचारलं, “ॲडमिट करायचं का?” त्यांनी भावाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “तो आज सुरक्षित राहायला तयार आहे. घरात तुम्ही तिघं आहात. आठवड्यातून एकदा भेटून भागणार नाही, पण ॲडमिट करायची गरज मला दिसत नाही. मधला एक मार्ग आहे.”

तो मधला मार्ग म्हणजे एका दिवसकेंद्रातला बारा आठवड्यांचा कार्यक्रम. इंग्रजीत याला ‘इंटेन्सिव्ह आउटपेशंट’ म्हणतात. आमच्या घरात त्याचं नाव ‘दुपारची शाळा’ पडलं. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, दुपारी तीन ते सहा. पंधरा ते एकवीस वयाची सहा मुलंमुली. गटात बोलणं, एकेकट्याने बोलणं, मनात लाट उसळली की ती ओसरेपर्यंत काय करायचं याचा चक्क सराव. आणि शनिवारी अकरा ते एक सगळी कुटुंबं गोल करून बसणार. आईबाबा, भावंडं, एका मुलीची आजी.

अशी केंद्रं आपल्याकडे फार थोडी आहेत आणि ती मोठ्या शहरांत आहेत. आम्ही पुण्यात राहतो, म्हणून हा पर्याय आमच्यासमोर आला तरी. पैशाचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना सांगितलं आहे की शरीराच्या आजाराला जसा विमा देता तसाच मनाच्या आजाराला द्या. पण आमच्या पॉलिसीत मुळात दवाखान्यात ॲडमिट असलात तरच पैसे मिळतात. म्हणजे भाऊ घरी झोपणार याची किंमत आम्हीच मोजायची. आईने बिनपगारी रजा घेतली. नातेवाइकांना सांगितलं, कावीळ झालीये. मावशीने दोन महिने न चुकता विचारलं, उसाचा रस देताय ना?

पहिल्या शनिवारी तिथल्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी फळ्यावर एक आकडा लिहिला : १६८. म्हणाल्या, आठवड्याचे तास. त्यातले बारा मूल आमच्याकडे असतं. उरलेले एकशे छप्पन्न तुमच्याकडे. “तेव्हा उपचार इथे होतात असं समजू नका. इथे सराव होतो. उपचार घरी होतात.”

मी मान डोलावली. मला वाटलं, त्या म्हणताहेत की एकशे छप्पन्न तास पहारा द्या.

*

आणि मी पहारा दिला. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, घरून काम करत होते, त्यामुळे हे काम माझ्याकडे आपोआप आलं. औषधं कपाटात, कपाटाची किल्ली माझ्याकडे. रात्री तीनदा उठून त्याच्या खोलीत डोकावणं. तो बाथरूममध्ये गेला की मोबाईलवर वेळ बघणं. “कसं वाटतंय?” हा प्रश्न दिवसातून किती वेळा विचारायचे ते देव जाणे. एकदा तो म्हणाला, “ताई, तू हे विचारलंस की मला आधी तुझ्या चेहऱ्याकडे बघावं लागतं, कुठलं उत्तर चालेल ते.” मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात मी त्याची डायरी वाचली.

ही डायरी केंद्रातून मिळाली होती. दिवसभरात मनात काय आलं, किती जोरात आलं, तेव्हा काय केलं, हे लिहायचं. भाऊ आंघोळीला गेला होता. डायरी उशीखाली होती. मी वाचली तेव्हा माझे हात कापत होते, आणि मला आठवतं, मी मनात म्हणत होते की हे मी त्याच्यासाठी करतेय.

डायरीत भयंकर असं काही नव्हतं. आईचा आवाज चढला की पोटात गोळा येतो, असं होतं. बघायच्या सिनेमांची यादी होती. एका मुलीचं नाव होतं. एका पानावर फक्त ‘आज ठीक’ असं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा केला. दोन दिवसांनी जेवताना मी सहज म्हणाले, “त्या जपानी सिनेमाचं काय रे, बघायचा का रविवारी?”

त्याने घास खाली ठेवला. सिनेमाबद्दल तो कोणाशीच बोलला नव्हता.

तो ओरडला नाही. उठून गेला, एवढंच. मला वाटलं, चार दिवस रागावेल आणि मग बोलेल. झालं वेगळंच. पुढच्या आठवड्यापासून तो घरात खूप नीट वागायला लागला. वेळेवर जेवायचा. “कसं वाटतंय?”ला “छान” म्हणायचा. आई खूश झाली. मीही झाले.

मग एका शनिवारी मॅडमनी गोलात बसल्या बसल्या, कोणाकडेही न बघता विचारलं, “डायरी घरी कोण वाचतं?” कोणी काही बोललं नाही. त्या म्हणाल्या, “एका मुलाची डायरी गेले दोन आठवडे फार शहाणी झालीये. अक्षरसुद्धा सुधारलंय. अशी डायरी मूल स्वतःसाठी लिहीत नाही, वाचणाऱ्यासाठी लिहितं.”

माझे कान तापले. त्याने डायरी बंद केली नव्हती. तो माझ्यासाठी लिहायला लागला होता. मला काळजी वाटू नये म्हणून, माझ्या मापाचा एक बरा होत चाललेला मुलगा तो रोज वहीत काढत होता. त्याच्या उपचाराचं एक हत्यार मी बोथट करून टाकलं होतं, आणि वर त्याला माझी सोय बघायचं काम लावलं होतं.

*

आता इथे एक आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. तो असा : तुला हे तत्त्वज्ञान सुचतंय कारण भाऊ आज जिवंत आहे. डायरीत भयंकर काही असतं आणि तू ती वाचली नसतीस, तर?

हा आक्षेप हवेतला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदवल्या गेल्या. त्यात १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रात, २२,७४६. या प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे आणि त्या घरात कोणीतरी अजून स्वतःला विचारत असेल की मी का नाही बघितलं. त्या माणसासमोर उभं राहून मी खासगीपणावर भाषण देऊ शकत नाही.

कायदाही इतका भाबडा नाही. २०१७ चा कायदा मानसिक आजार असलेल्या माणसाला गोपनीयतेचा हक्क देतो, पण जिवाला धोका असेल तर डॉक्टरांना माहिती उघड करण्याची मुभाही देतो. म्हणजे जीव आधी, हे कायद्यालाही मान्य आहे. प्रश्न उरतो तो असा, की जीव वाचवायच्या नावाखाली केलेली प्रत्येक गोष्ट जीव वाचवते का?

मी दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या. बाबांनी कडी काढली, मी डायरी वाचली. दोन्ही भीतीपोटी केल्या, दोन्ही त्याच्या संमतीशिवाय. मग कडीबद्दल भावाने कधी तक्रार का केली नाही?

मॅडमनी पहिल्याच आठवड्यात घर सुरक्षित कसं करायचं ते सांगितलं होतं. औषधं कुलपात ठेवा, कडी सध्या नको, रात्री घरात कोणीतरी असू दे. पण हे सांगताना भाऊ समोर बसलेला होता. त्यांनी त्याला विचारलं होतं, “कडीचं परत कधी बघायचं?” तो म्हणाला, “वाढदिवसाला.” त्यांनी तारीख लिहून घेतली होती. कडी त्याच्या डोळ्यांदेखत निघाली होती आणि ती परत येण्याला एक तारीख होती. डायरी मी त्याच्या नकळत वाचली आणि माझ्या मनात त्या वाचण्याला शेवट नव्हता. त्या दिवशी भयंकर काही सापडलं नाही म्हणून मी पुन्हा वाचणार होतेच, आणि सापडलं असतं तरीही.

मला वाटतं, फरक इथे आहे. जे बंधन तोंडावर सांगता येतं आणि जे कधी संपणार ते सांगता येतं, ते आजाराला घातलेलं असतं. जे लपवावं लागतं आणि ज्याला शेवट नसतो, ते माणसाला घातलेलं असतं. पहिलं माणूस सोसतो, कधी त्याला त्याचा आधारही वाटतो. दुसऱ्यापासून तो सुटायचा रस्ता शोधतो. आणि ज्याच्यावर चोरून नजर ठेवली जाते तो सगळ्यात आधी ठीक दिसायला शिकतो. म्हणजे ज्या माहितीसाठी आपण चोरी करतो ती माहितीच चोरीमुळे खोटी होते.

आता त्या मित्राचा क्रम बघा. त्यानेही विश्वासाने सांगितलेली गोष्ट फोडली. पण आधी सांगून फोडली. भाऊ त्याच्यावर आठवडाभर चिडला होता. तरी केंद्रातून बाहेर पडल्यावर पहिला फोन त्यालाच करायचा.

*

मराठीत ‘काळजी’ या एकाच शब्दाला दोन क्रियापदं लागतात. आपण काळजी करतो आणि काळजी घेतो. बोलताना आपण ती एकमेकांच्या जागी वापरत नाही, पण वागताना वापरतो. काळजी करणं ही माझ्या आत घडणारी गोष्ट आहे : माझी झोप, माझी छाती, माझे वाईट विचार. काळजी घेणं ही दुसऱ्याच्या अंगणात घडते. तिथे त्याला काय हवं ते आधी बघावं लागतं. मी डायरी वाचली ती माझी काळजी शमवायला. वाचून मला बरं वाटलं, चहा करण्याइतकं. त्याला त्यातलं काहीच मिळालं नाही.

अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक जोन ट्रोंटो यांनी काळजी या गोष्टीचे टप्पे पाडले आहेत : कोणाला तरी गरज आहे हे जाणवणं, त्याची जबाबदारी अंगावर घेणं, प्रत्यक्ष हातांनी करणं, आणि शेवटी, ज्याच्यासाठी केलं त्याला ते कसं पोचलं हे बघणं. हा शेवटचा टप्पा वाचून मी थबकले. पहिल्या तीनमध्ये मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले असते. चौथ्यात भाऊ मला काय सांगत होता? ‘आधी तुझ्या चेहऱ्याकडे बघावं लागतं.’ मी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

घर उपचार करतं तसं घर आजार वाढवूही शकतं, हे काही नवं नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांचे सहकारी मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या पुरुषांचं पुढे काय होतं ते बघत होते. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडत होते. पुढच्या संशोधनात कारणं दिसत गेली : घरातली सततची टीका, वैर, आणि प्रमाणाबाहेरची गुंतवणूक. अशा घरात आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त वेळ समोरासमोर काढणाऱ्यांना धोका अधिक होता. सुरुवातीचा हा अभ्यास मुख्यतः स्किझोफ्रेनियाचा होता, नंतर नैराश्याबाबतही तसंच दिसलं. टीका आणि वैर समजू शकतं. पण गुंतवणूक? आपल्याकडे तर ती प्रेमाची मोजपट्टी आहे. जो जास्त जीव टाकतो तो जास्त प्रेम करतो.

पण मला या गोष्टीचा उलटा अर्थ काढायचा नाही, की घरच्यांना दूर ठेवा. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर बरोबर उलटं करत होते. ते रुग्णांच्या घरच्यांना बोलावून घेत आणि रुग्णालयाच्या आवारात तंबूंमध्ये रुग्णासोबत राहायला सांगत. घरचे तिथे राहून शिकत, रुग्ण लवकर घरी जात. मला हे दोन्ही खरं वाटतं. घरचे लागतातच, पण नुसते जीव टाकणारे पुरत नाहीत, शिकायला तयार असलेले लागतात. शनिवारचा आमचा गोल म्हणजे तोच तंबू होता, वर पंखा असलेला.

त्या तंबूत आम्ही फार साध्या गोष्टी शिकलो आणि त्या फार अवघड गेल्या. मूल काही बोललं की उत्तर द्यायच्या आधी ते काय बोललं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. भाऊ म्हणाला, “मला वाटतं मी तुमचे पैसे वाया घालवले.” आई लगेच म्हणाली, “असं काय बोलतोस, पैशाचं काय मेलं!” मॅडम म्हणाल्या, “आधी परत सांगा.” आईला तीनदा जमलं नाही. चौथ्यांदा ती म्हणाली, “तुला वाटतं... तू आमचे पैसे वाया घालवलेस.” आणि रडायला लागली. भाऊ म्हणाला, “हो. तेच.” महिन्याभरात पहिल्यांदा त्याने तिच्याकडे नीट बघितलं.

तिथेच आम्ही एक करार केला. रोज रात्री नऊ वाजता तो घरच्या ग्रुपवर शून्य ते दहामधला एक आकडा टाकेल. मनातली लाट किती उंच आहे, तेवढंच. कारण सांगायचं बंधन नाही. सातच्या वर गेला तर आमच्यापैकी कोणीही दार न वाजवता आत जाईल, आणि गरज पडली तर डॉक्टरांना फोन करेल. सातच्या खाली असेल तर कोणी काही विचारायचं नाही. पहिल्या रात्री ‘५’ आला आणि मी पलंगावर हात मांडीखाली दाबून बसले. पाच म्हणजे काय? चारवरून पाच की सहावरून पाच? विचारायचं नव्हतं.

आईने त्या काळात एकदा गॅलरीत जाऊन १४४१६ ला फोन केला. ही टेलि-मानसची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली, मराठीतही बोलता येतं. मला वाटलं, भावासाठी काही विचारतेय. ती स्वतःसाठी बोलत होती. वीस मिनिटं बोलली, मग आत येऊन भाजी चिरायला बसली. मला वाटतं त्या रात्री तिने आमच्या सगळ्यांची सोय केली. आपली काळजी करण्याचा भार तिने ज्याची काळजी वाटते त्याच्याच डोक्यावर ठेवला नाही. दुसरीकडे उतरवला.

*

सहाव्या आठवड्यात, फेब्रुवारीत, भाऊ अठरा वर्षांचा झाला.

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या उपचारांबाबत त्याचे पालक निर्णय घेतात. अठरा पूर्ण झाली की कायदा त्याला स्वतंत्र माणूस मानतो. केंद्राने सगळे कागद नव्याने त्याच्यासमोर ठेवले. उपचार सुरू ठेवायचे का, हे आता त्याने सांगायचं. आणखी एक गोष्ट होती : नामनिर्देशित प्रतिनिधी. म्हणजे कधी स्वतः निर्णय घ्यायच्या स्थितीत नसलोच, तर माझ्या वतीने कोणी उभं राहायचं. कायद्यात यासाठी साधा कागद चालतो. कोऱ्या कागदावर नाव लिहायचं आणि खाली सही.

मॅडम म्हणाल्या, घरी विचार कर, घाई नाही. तीन दिवस तो कागद त्याच्या टेबलावर कोरा होता. मी येता-जाता बघायचे. खरं सांगते, मला वाटलं होतं तो माझं नाव लिहील. औषधांच्या वेळा मला पाठ होत्या. डॉक्टरांचे फोन मी घ्यायचे. सगळी पुस्तकं मी वाचली होती.

त्याने बाबांचं नाव लिहिलं.

बाबांनी या तीन महिन्यांत काय केलं होतं? ते त्याला स्कूटरवरून केंद्रात सोडायचे आणि सहा वाजता घ्यायला जायचे. आत कधी आले नाहीत, शनिवार सोडून. बाहेरच्या टपरीवर थांबायचे. तो बाहेर आला की विचारायचे, “चहा?” तो कधी हो म्हणायचा, कधी नाही. हो म्हणाला की दोघं उभ्याने चहा प्यायचे आणि घरी यायचे. इतकंच. मी एकदा बाबांवर चिडले होते, “तुम्ही त्याला काहीच कसं विचारत नाही?” ते म्हणाले, “सांगायचं असेल तर टपरी आहे की.”

मी भावाला विचारलं, माझं नाव का नाही? विचारायला नको होतं, पण विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “तू घाबरलीस ना ताई, की मला तुला सांभाळावं लागतं. बाबापण घाबरतात. पण ते त्यांचं ते बघतात.”

मला लागलं. अजूनही लागतं. पण हे त्याने मला तोंडावर सांगितलं, वहीत लिहून उशीखाली ठेवलं नाही. एवढ्यावर मी समाधान मानते.

बाबा फार मोठे ज्ञानी आहेत असं मला म्हणायचं नाही. कदाचित त्यांना काय विचारावं हेच सुचत नसेल. त्यांच्या पिढीतल्या कित्येक पुरुषांच्या गप्प बसण्याने घरंच्या घरं एकटी पडली आहेत, आणि गप्प बसणं म्हणजेच प्रेम असा निष्कर्ष कोणी काढू नये. फरक इतकाच की बाबा गप्प होते पण तिथे होते, रोज सहा वाजता, टपरीवर. भावाला त्यांना शोधावं लागत नव्हतं आणि त्यांच्यापासून लपावंही लागत नव्हतं.

*

वाढदिवसाच्या रात्री केक कापून झाल्यावर बाबांनी कपाटातून ती पिशवी काढली. मी डॉक्टरांना आधी फोन करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, त्याचे आकडे बघता चालेल, आणि तारीख दिली होती तर ती पाळा. या वेळी घरात स्क्रू ड्रायव्हर होता. भोकं थोडी मोठी झाली होती, म्हणून बाबांनी त्यात काड्यापेटीच्या काड्या तोडून घातल्या आणि वर स्क्रू पिळले. भावाने टॉर्च धरली. ट्यूबलाइट चालू असूनही.

बारा आठवडे संपले त्यालाही आता वर्ष झालं. भाऊ बीएस्सीला आहे. डॉक्टर व्हायचं नाही म्हणतो, पुढचं माहीत नाही म्हणतो. औषध कमी झालंय, बंद झालेलं नाही. मध्ये एकदा रात्री ‘८’ आला होता. बाबा आत गेले, मी डॉक्टरांना फोन लावला, आई त्याच्या पायाशी बसली. पहाटेपर्यंत तो आकडा सहावर आला. करार टिकला. पुढच्या वेळीही टिकेल याची मला कोणी हमी दिलेली नाही.

ज्याला घरी ठेवून उपचार करायचे, त्याच्यासोबत थोडा धोकाही घरी ठेवावा लागतो. अजिबात धोका नको असेल तर बाहेरून कुलूप असलेली खोली हवी, आणि तशी खोली काही दिवस एखाद्याला लागतही असेल. पण कायमचं कोणी तिथे जगू शकत नाही. तो उरलेला धोका एकट्या भावाने वाहायचा नाही, हे आम्ही शिकलो. त्यातला माझा वाटा म्हणजे न विचारणं. मला वाटायचं, काळजी घेणं म्हणजे काहीतरी करत राहणं. आता कित्येक रात्री माझं काम काहीही न करणं असतं, आणि ते सगळ्यात जड जातं.

हा लेख छापायच्या आधी मी त्याला वाचायला दिला. त्याने दोन ठिकाणी खोडलं, एका ठिकाणी ‘असं मी बोललो नव्हतो’ म्हणून माझं वाक्य दुरुस्त केलं. मुलीच्या नावाचा उल्लेख राहू दे म्हणाला, नाव लिहिलं नाहीस ना मग ठीक आहे.

रात्री साडेअकराच्या सुमारास त्याच्या दाराची कडी लागते. काड्यापेटीच्या काड्यांवर बसलेली आहे, म्हणून थोडी करकरते. भिंतीपलीकडे मला ऐकू येतं. मी डोळे उघडे ठेवून पडून राहते. ग्रुपवर नऊ वाजता आलेला आकडा एकदा बघते. आज ‘३’ आहे. मग फोन पालथा ठेवते आणि उठत नाही.